चंद्रपूरच्या बगीच्यांना आधी सावली द्या : महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय सदस्य,
चंद्रपूर शहर महानगरपालिका

विषय : शहरातील बगीचे, त्यांतील सावली, पाणी आणि देखभाल

सप्रेम नमस्कार,

पुढच्या अंदाजपत्रकात बगीच्यांसाठी जी रक्कम धराल, तिचा पहिला वाटा मोठ्या सावलीच्या झाडांना आणि ती जगवणाऱ्या माळ्यांना मिळावा, ही एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. कारंजी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट यांचा विचार नंतर करता येईल. मोठ्या शहरांच्या बगीच्यांत या गोष्टी आहेत, मग आपल्याकडे का नकोत, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांची हौस मला कळते. पण आपले शहर कोळशावर बसलेले आहे, आणि मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो. इथल्या बगीच्याची आखणी याच दोन गोष्टींपासून सुरू व्हायला हवी.

महाकाली, लालपेठ, रय्यतवारी या खाणींची नावे आपल्याकडे मोहल्ल्यांच्या नावांसारखी तोंडात बसली आहेत. उत्तरेला दुर्गापूर, पद्मापूर, भटाळीच्या खुल्या खाणी. शेजारी ऊर्जानगर, म्हणजे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि सर्वाधिक प्रदूषितांत आपण देशात चौथे आलो. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढेच आपल्या पुढे होते. जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई झाली. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्याही यादीत आपले नाव आहे. हे आकडे आपल्या कार्यालयातल्या फायलींत आहेतच. ते इथे मांडते आहे कारण बगीच्याचा विषय निघाला की ते बाजूला पडतात आणि चर्चा फरशीच्या रंगावर येते.

उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या करंजाचे एखादे पान बोटाने पुसून पाहावे. बोटाला काळपट करडी भुकटी लागते आणि पुसलेल्या जागी हिरवी रेघ उमटते. ती धूळ पानावर बसली नसती तर कुठे गेली असती, हे सांगायला नको. रुंद, खरखरीत किंवा दाट पानांचे मोठे झाड अशी धूळ धरून ठेवते, पहिल्या पावसात धुऊन निघते आणि पुन्हा कामाला लागते. लॉनच्या गवताला हे काम तेवढे जमत नाही, शोभेच्या बॉटल पामला तर नाहीच. आणि लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी लागते, तेही नेमके नळाला पाणी कमी येते त्या दिवसांत.

झाडे निवडताना ती पाने कधी गाळतात हेही बघावे लागते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो आणि एप्रिलच्या तोंडावर नवी पालवी घेऊन उभा राहतो. करंज त्याच्या मागोमाग. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असते तेव्हा ही दोन्ही झाडे भरलेली असतात. वड, पिंपळ, चिंच, जांभूळ हीही आपल्या मातीतली. तलावाच्या, नाल्याच्या काठी अर्जुन. बहावा आणि पळस डोळ्यांसाठी लावावेत, जरूर लावावेत, पण मे महिन्यातल्या सावलीचा भार त्यांच्यावर टाकू नये. कोनोकार्पस मात्र लावूच नका. लवकर वाढतो म्हणून तो गावोगावी लावला गेला, आणि आता त्याच्या परागांबद्दल आणि पाइपलाइनमध्ये शिरणाऱ्या मुळांबद्दल ठिकठिकाणी तक्रारी आहेत.

सावली नसली की बाकीच्या सोयी कशा वाया जातात, याचे उदाहरण म्हणजे घसरगुंडी. उघड्यावर बसवलेली घसरगुंडी मे महिन्यात सायंकाळी साडेपाचलाही तापलेली असते. मूल बसते आणि चटका लागून उडी मारून उठते. आई ओढणी अंथरून देते, तरी पोर दुसऱ्यांदा चढत नाही. लोखंडी झोक्याच्या साखळ्यांचे तेच. खुल्या व्यायामशाळेच्या दांड्यांना हात लावायला सात वाजावे लागतात. तीच खेळणी दोन कडुनिंबांच्या मध्ये असती तर मुले चार वाजताच येऊन खेळली असती. खेळण्यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच.

पेव्हर ब्लॉकबद्दलही थोडे सांगायचे आहे. चालायला वाट हवी, पावसाळ्यात चिखल नको, हे मान्य. पण झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवले की त्या झाडाला पाणी मिळणे बंद होते, आणि दिवसभर तापलेले सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. बुंध्याभोवती किमान एका माणसाला ऐसपैस बसता येईल एवढे मातीचे आळे मोकळे ठेवावे. यात नवा खर्च काहीच नाही. उलट तेवढे ब्लॉक वाचतात.

आता थोडे इतिहासाबद्दल, कारण बगीचा म्हणजे फक्त झाडे आणि बाके नव्हेत.

आपल्या शहराच्या जन्माची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या आणि तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याचे दृश्य राजाला दिसले आणि त्याच वाटेवर परकोट, म्हणजे शहराची तटबंदी, बांधायचे ठरले. ही दंतकथा आहे. पण ती पाण्यापासून सुरू होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गोंड राजांनी शहराला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे दिले, पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, दिल्या, आणि रामाळा तलाव दिला. अठराव्या शतकात राणी हिराईने पती बीरशाहची समाधी बांधली, महाकालीचे मंदिर बांधले. पाणी, झाडे आणि लोकांनी एकत्र यायच्या जागा यांचा विचार कोळशाच्या आधी कितीतरी वर्षे या गावात झालेला आहे.

कोळसा नंतर आला. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास बल्लारपूरची खाण पुढे आली. मग चांद्याच्या भोवती एकेक खाण उघडत गेली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन झाली. दरम्यान १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले होते. खाणींबरोबर माणसे आली. तेलुगू बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, उत्तर प्रदेश-बिहारची. क्वार्टरच्या दोन खोल्यांत संसार मांडले, कूलरच्या एका टाकीवर अख्खे घर झोपवले. अशा घरांतल्या बाईमाणसांना, म्हाताऱ्यांना, अभ्यासाला जागा नसलेल्या पोरांना पैसे न देता, कुणी हटकल्याशिवाय तासभर बसता येईल अशी जागा या शहरात कोणती? देऊळ-मशीद आणि बगीचा. म्हणून बगीच्याला तिकीट नको. दहा रुपये फार नाहीत हे मोटारीतून येणाऱ्यांचे गणित झाले. सहा जणांच्या घराला ते रोजचे साठ रुपये पडतात.

आपली नगरपालिका १८६७ ची आणि महानगरपालिका २०११ ची. दीडशेहून अधिक वर्षांचे दप्तर आपल्याकडे आहे. मौलाना अबुल कलाम आझादांचे नाव असलेला आपला आझाद बगीचा शहराच्या कितीतरी पिढ्यांना आपला वाटतो. काही वर्षांपूर्वी त्याचे नूतनीकरणही झाले. त्याची जागा कशी मिळाली, ठराव केव्हा झाला, पहिली झाडे कोणती लागली, नाव केव्हा दिले गेले, हे दप्तरातून काढून प्रवेशद्वारापाशी एका साध्या फलकावर मराठीत लिहावे. सोबत शहराचा एक नकाशाही लावावा, ज्यात परकोट, चार दरवाजे, रामाळा, इरई आणि झरपट या नद्या आणि आजूबाजूच्या खाणी दिसतील. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून परकोटावर उगवलेली झुडपे काढून, कचरा उचलून तो चालण्याजोगा केला. त्याची दखल देशभर घेतली गेली. २०२१ मध्ये रामाळा तलावासाठी याच संस्थेच्या बंडू धोतरे यांनी अन्नत्याग केला, तेव्हाही शहर त्यांच्या पाठीशी होते. चंद्रपूरकरांना आपल्या जागांबद्दल आस्था आहे. तिला धरून ठेवायला थोडी माहिती आणि थोडी सावली एवढेच लागते.

खाणीच्या गावात बगीच्याची मालकी कुणाकडे आहे याला फार महत्त्व असते. अमेरिकेत मोंटाना राज्यात ब्यूट नावाचे तांब्याच्या खाणींचे शहर आहे. तिथे विल्यम क्लार्क या खाणमालकाने १८९९ मध्ये कोलंबिया गार्डन्स नावाची मोठी बाग कामगारांच्या कुटुंबांसाठी उघडली. फुलांचे ताटवे, रोलर कोस्टर, नाचगाण्याचा मंडप, सगळे होते. उन्हाळ्यात गुरुवारी मुलांना ट्रामने फुकट बागेत नेत, आणि ठरलेल्या दिवशी पॅन्सीची फुले तोडायलाही मुभा असे. पुढे ही बाग अॅनाकोंडा या खाण कंपनीकडे गेली. कंपनीला तिच्याखालचे तांबे हवे होते. १९७३ मध्ये बाग बंद झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात आगीत तिथल्या वास्तू जळाल्या, आणि तिथे खाण खोदली गेली. त्या बागेत वाढलेल्या तीन पिढ्यांना आपले म्हणणे मांडण्यापलीकडे काही करता आले नाही, कारण जमीन त्यांच्या नगरपालिकेची नव्हती.

आपल्याकडे ती महापालिकेची आहे. बगीचे, उद्याने आणि क्रीडांगणे ही शहरी स्थानिक संस्थांची कामे असल्याचे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत लिहूनच ठेवले आहे. तेव्हा विकास आराखड्यात बगीच्यासाठी राखलेला प्रत्येक भूखंड नकाशावर रंगवून वॉर्डावॉर्डात लावावा. कुठला मोकळा आहे, कुठल्यावर काय उभे राहिले, हे लोकांना कळू द्यावे. केंद्राच्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्या प्रभागांचा हिशेब त्या मापाने मांडा. शहराच्या मधोमध एक बगीचा चांगला झाला म्हणून बाबुपेठच्या आजीला त्याचा रोज उपयोग होत नाही. तिला चालत जाता येईल अशी, चार झाडे आणि दोन बाके असलेली जागा तिच्या गल्लीजवळ हवी. एका मोठ्या प्रकल्पापेक्षा अशा लहान दहा जागा मला अधिक मोलाच्या वाटतात.

पैशांचा प्रश्न येणारच. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणींमुळे बाधित भागासाठीच तो निधी आहे, आणि त्यात पर्यावरण व प्रदूषण नियंत्रण हा उच्च प्राधान्याचा विषय आहे. सावलीची झाडे, त्यांचे पाणी आणि पहिली पाच वर्षे त्यांची निगा, असा प्रस्ताव महापालिकेने जिल्हा प्रशासनाकडे नेला तर तो त्या निधीच्या हेतूला धरूनच असेल. शुद्ध हवा कार्यक्रमातही हरित पट्ट्यांना जागा आहे. प्रस्ताव करताना माळ्याचा पगार त्यात जरूर धरा. रोप लावण्याचा खर्च सगळे धरतात. रोप तिसऱ्या उन्हाळ्यातून निघेपर्यंत त्याला पाणी घालणारा माणूस मात्र कागदावर नसतो, आणि रोप तिथेच मरते.

पाण्याचेही तसेच. खाणीतून रोज उपसले जाणारे पाणी शुद्ध करून वापरता येते, हे वेकोलिनेच दाखवून दिले आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीच्याच पाण्यावर प्रक्रिया करून 'कोल नीर' नावाने ते पिण्यासाठी बाटलीबंद केले गेले. माणसाला पिता येते तर झाडाला नक्कीच देता येईल. सावनेरला त्याच कंपनीने इको पार्क उभारले, लोक ते बघायला जातात. चंद्रपूरच्या भोवती इतक्या खाणी असताना शहरातल्या बगीच्यांसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याचे टँकर किंवा एखादी पाइपलाइन मागण्याचा आपला हक्क आहे. महापौर आणि आयुक्तांनी एकत्र जाऊन मागितले तर त्याला वजन येईल.

असलेली झाडे वाचवणे हे नवी लावण्याच्याही आधीचे काम. महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'पुरातन वृक्ष' म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. वृक्ष प्राधिकरण आपल्याच अखत्यारीत आहे. शहरातल्या अशा झाडांची यादी करून ती संकेतस्थळावर टाकावी आणि प्रत्येक झाडावर लहान पाटी लावावी. खिळा न ठोकता, तारेला सैल फास ठेवून. कुठल्याही रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कामाला मंजुरी देण्याआधी ही यादी अभियंत्याच्या टेबलावर असली पाहिजे.

आता वेळा. खाणीत आणि वीज केंद्रात पाळीने कामे चालतात. रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्या माणसाला ऊन चढायच्या आत अर्धा तास झाडाखाली बसायचे असते. दुसऱ्या पाळीवाल्याला सकाळीच वेळ असतो, संध्याकाळी तो कामावर असतो. उन्हाळ्यात तर सगळे शहरच जेवणे आटोपून रात्री नऊनंतर बाहेर पडते. म्हणून एप्रिल ते जून या काळात बगीचे पहाटे पाचला उघडावेत आणि रात्री साडेदहापर्यंत चालू ठेवावेत. दुपारी फाटक बंद करण्याची प्रथा अनेक शहरांत आहे. आपण ती घालू नये. दुपारी दोन वाजता सावलीची सगळ्यात जास्त गरज ज्याला असते तो हमाल, रिक्षावाला, वीटभट्टीवरून आलेली मजूर बाई, सरकारी दवाखान्यात आणलेल्या पेशंटचा नातेवाईक, यांना त्याच वेळी फाटक उघडे हवे. उष्माघात टाळण्यासाठी दरवर्षी आपण उपाययोजना जाहीर करतो. झाडाखालचे बाक आणि शेजारी माठ ही त्यातली सगळ्यात स्वस्त उपाययोजना आहे.

बाकाला पाठ असावी, सगळी सिमेंटची नसावीत. स्त्रियांचे स्वच्छतागृह बगीचा उघडा असेपर्यंत उघडे असावे, आत पाणी आणि कडी असावी, आणि तिथे जाणारी वाट उजेडात असावी. हे नसेल तर बायका तासाच्या आत घरी परततात, मग बगीचा कितीही सुंदर असो. दिवे झाडांच्या शेंड्यांवर न मारता पायवाटेवर खाली पडतील असे लावावेत. झाडांवर पाखरेही झोपतात. बाहेर पाणीपुरी, भेळ, भाजलेली कणसे विकणाऱ्यांना हुसकावू नका. त्यांना रांगेत जागा आखून द्या, कचऱ्याचे डबे त्यांच्याच स्वाधीन करा. त्यांच्यामुळे फाटकापाशी रात्री वर्दळ राहते, आणि एकट्या मुलीला त्या वर्दळीचाच आधार वाटतो.

रामाळ्याच्या काठाबद्दल एक वेगळी विनंती. तलावाभोवती जे काही कराल ते पाण्याला जागा ठेवून करा. काठ सिमेंटने बांधून काढला तर पाखरांना उतरायला चिखल उरत नाही आणि अर्जुनाला मुळे पसरायला माती. तलावात सांडपाणी न येणे हीच तिथली पहिली सोय.

पावसाळा सुरू होण्याआधी करता येण्याजोगी तीन कामे एवढ्यात हाती घ्यावीत. सगळ्या बगीच्यांतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे ब्लॉक काढून आळी मोकळी करावीत. खेळण्यांच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंना कडुनिंब-करंजाचे खड्डे आताच खणून ठेवावेत, म्हणजे माती तापून निघेल आणि पहिल्या चांगल्या पावसाला पुरुषभर उंचीची रोपे लावता येतील. वीतभर रोपे नकोत, ती टिकत नाहीत. आणि प्रत्येक प्रभागात एक दिवस नगरसेवक, उद्यान विभागाचे अधिकारी आणि रहिवासी यांनी बगीच्यातच बैठक घ्यावी, शक्यतो दुपारी चार वाजता. त्या बैठकीत आमच्या वॉर्डातल्या बायका नक्की येतील. झाडांना पाणी घालण्याची पाळी वाटून घ्यायलाही त्या तयार आहेत. आळी, पाइप आणि नळजोडणी तेवढी महापालिकेने द्यावी.

या पत्रावर काय ठरते ते सर्वसाधारण सभेच्या कामकाजात नोंदवून कळवावे, ही विनंती.

आपली,
चंद्रपूरची एक रहिवासी